सर्जाच्या चौकटी

"वैनी, ह्यात सर्जा कुठाय?"

महिपतराव खोत माझ्या खुर्चीमागं उभे राहून पडद्याकडं बघत होते. मीही बघत होते. चौकट होती. चौकटीभोवतीची जाड काळी रेघ होती. वरच्या बाजूला मोठ्या ठशात 'हरवला आहे' असायला हवं होतं, तिथं इंग्रजी अक्षरं, टक्के, कंस आणि उद्गारचिन्हं यांची भेळ झाली होती. आणि चौकटीच्या आत, जिथं त्यांच्या धाकट्या भावाचं तोंड असायला पाहिजे, तिथं या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक फुली होती.

"कॉम्प्युटर नवा आहे," मी म्हणाले. "अजून रुळला नाही."

"व्हय, नव्या बैलाला वाट दाखवावी लागती," ते म्हणाले. पण डोळे फुलीवरनं हलले नाहीत.

माझं दुकान कुरुंदवाडच्या स्टँडसमोर. लग्नपत्रिका, हँडबिलं, साप्ताहिकातल्या वाढदिवसाच्या आणि श्रद्धांजलीच्या जाहिराती, असलं सगळं मी जुळवून देते. हे मला कुणी शिकवलं नाही. कॉम्प्युटर आमच्या ह्यांनी पुतण्यासाठी घेतला होता. पुतण्या पुण्याला गेला, कॉम्प्युटर मागं राहिला. त्यावर मी क्रोशाचं झाकण विणून घातलं. एकदा झाकण धुवायला काढलं तेव्हा सहज चालू करून बघितला, तो मग बंद केलाच नाही. बरोबर बटण कुठलं हे कळायच्या आधी चुकीच्या बटणानं काय काय होतं, ते मला सगळं कळलं होतं.

तो पहिला कॉम्प्युटर शेवटी थकला. जयसिंगपूरच्या इलाही मुजावरांनी नवा आणून बसवला, जुन्यातलं सगळं नव्यात ओतलं आणि मराठी अक्षरांची सीडी घरी विसरली म्हणून संध्याकाळी येतो सांगून गेले. त्याच सकाळी महिपतराव आले होते.

त्यांना भावाच्या उत्तरकार्याची पत्रिका करायची होती. सर्जेराव, घरचा सर्जा. विशी नुकतीच ओलांडलेला. एका दुपारी म्हशींना पेंड आणायला सायकलवरून जयसिंगपूरला गेला. सायकल एसटी स्टँडवर कुलूप लावलेली मिळाली, किल्ली आणि सर्जा मिळाले नाहीत. तेव्हाची 'हरवला आहे' ही जाहिरात मीच केली होती. पुढं महापुरात खोतांच्या घरात आढ्यापर्यंत पाणी चढलं आणि फोटोंची ट्रंक उघडली तेव्हा आत नुसता लगदा होता. त्यामुळं सर्जाचं तोंड आता कुठं राहिलं असेल, तर ते माझ्याकडं, या फायलीत.

बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही, की आमच्याकडं पळसाच्या पानांचा पुतळा करतात. त्याला अग्नी द्यायचा, दिवस घालायचे, तेरावं करायचं. माणूस गेला असं धरायचं आणि मागच्यांनी पुढं जायचं. महिपतरावांनी मला ते खालच्या आवाजात, समजूत घातल्यासारखं सांगितलं. त्यांच्या लेकीला बघायला पाहुणे येत होते आणि घरात एक माणूस ना जिता ना मेला आहे म्हटल्यावर चहा पिऊन परत जात होते. भटजी तयार होते, भावकी तयार होती. अडून बसली होती ती एकटी आई, गौराक्का. ती म्हणायची, पुतळ्याला हात लावशील तर मी नदीत पाय टाकीन. आणि आईचं मन मोडून ही गोष्ट करायला महिपतरावांचा हात धजत नव्हता.

"काय म्हणती म्हाईत हाय?" ते म्हणाले. "म्हणती, त्याचं अजून काय झालंय? ना धड शाळा, ना लगीन, ना घरदार. ज्याचं काहीच झालं न्हाई, त्याचे दिवस कसले घालता?"

मी नमुन्यांची वही त्यांच्यापुढं सरकवली.

"छापलेलं बघितलं की मानंल," ते म्हणाले. "फोटो पायजेच वैनी. फोटोबिगर ती मानायची न्हाई."

संध्याकाळी या, म्हणून मी त्यांची बोळवण केली.

दुपारी दुकानात कुणी नसतं. समोरच्या झाडाखाली रिक्षावाले झोपतात, पंखा आपल्याशीच कुरकुरतो. मी म्हटलं, निदान बाकीच्या जुन्या फायली उघडतात का बघू. उपाध्यांच्या भांड्यांच्या दुकानाच्या उद्घाटनाची जाहिरात होती, अगदी माझ्या सुरुवातीच्या काळातली. ती उघडली. अक्षरांचा चोथा झालेला, पण गणपती जागेवर, समया जागेवर. चौकटीत टोपी घातलेले थोरले उपाध्ये असायला हवे होते.

चौकटीत सर्जा होता.

मला वाटलं, हात चुकला. फाईल मिटली, नाव नीट बघून पुन्हा उघडली. सर्जाच. जत्रेत काढलेल्या घोळक्याच्या फोटोतून कापून घेतलेलं तोंड, मान जराशी डावीकडं, कुणीतरी बाजूनं हाक मारल्यासारखी. मला तो फोटो पक्का आठवत होता. तो कापताना मागच्या माणसाच्या खांद्याचा तुकडा कानाशी राहिला होता. तोही होता.

दुसरी फाईल उघडली. हेरवाडच्या एका मुलीला दहावीत चांगले मार्क पडले होते, तिच्या अभिनंदनाची. मुलीच्या चौकटीत सर्जा. तिसरी, कुणाच्या तरी वाढदिवसाची. सर्जा. मी भराभरा उघडत गेले. ज्याच्या त्याच्या चौकटीत, ज्याच्या त्याच्या फुलांत आणि तोरणात सर्जा बसलेला, मान जराशी डावीकडं. फक्त त्याच्या स्वतःच्या फायलीत तो नव्हता. ती मी पुन्हा पुन्हा उघडून बघितली. तिथं फुली.

आणि एक गोष्ट होती, ती माझ्या उशिरा लक्षात आली. तो सगळीकडं सारखा नव्हता. दहावीच्या चौकटीत गालफडं बसलेला, कोवळा, मिसरूड न फुटलेला वाटत होता. उपाध्यांच्या चौकटीत अंगानं भरला होता, गळ्याखाली वळी आली होती.

तेवढ्यात लाईट गेली. यूपीएस किंचाळायला लागला. मी घाईनं कॉम्प्युटर बंद केला, काळ्या पडद्यात माझंच तोंड दिसलं, आणि खरं सांगते, क्षणभर मी तेही निरखून बघितलं की माझंच आहे ना. मग ते क्रोशाचं झाकण मॉनिटरवर टाकलं आणि खुर्ची दाराशी ओढून बसले. आमचे हे नास्तिक. मी तितकी धीट नाही.

लाईट आली. मी झाकण काढलं नाही. आणि स्टँडच्या बाजूनं गौराक्का येताना दिसली.

तिला तालुका ओळखतो तो सायकलीवरून. सर्जाची ती सायकल पोलिसांनी कुलूप तोडून परत दिली होती. गौराक्काला ती चालवता येत नाही. पण दर बाजाराला ती सायकल हातानं ढकलत आणते, पंक्चरवाल्याकडून हवा भरून घेते आणि तशीच ढकलत परत नेते. आल्यावर गाडी तयार असावी म्हणून. आजही तिनं सायकल माझ्या पायरीला टेकवली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आत आली.

"शालन, तुजा कॉम्पुटर बिघाडलाय म्हणं."

"हो आक्का."

"बरं झालं." ती बाकड्यावर बसली. "तसाच ऱ्हाऊ दे. महिपतीला सांग, दुरुस्त हुईत न्हाई."

मला हसू आलं, ते मी गिळलं. पाणी दिलं. ती सावकाश प्यायली, भांडं पालथं घालून बाकड्यावर ठेवलं. तिला जे सांगायचं होतं ते बाहेर यायला तयार नव्हतं.

"पर एक हाय," ती शेवटी म्हणाली. "मला त्याचं तोंड आठवंना झालंय."

मी तिच्याकडं बघितलं.

"हात आठवत्यात. पाय आठवत्यात. भाकरी कशी मोडायचा ते आठवतंय. तोंड येतच न्हाई डोळ्याम्होरं. महिपतीचं येतं, न्हाईतर त्यांच्या बापाचं." तिनं बोटानं भांड्याचा काठ पुसला. "हे कुणाला सांगायचं? आईला पोराचं तोंड आठवत न्हाई म्हणून? म्हटलं, तुज्याकडं एक हाय. एकदा बघावं आन मग तू ते पुसून टाक, म्हंजी महिपतीला मिळायचं न्हाई."

आता मी काय करायला पाहिजे होतं, हे मी नंतर बऱ्याचदा मनात घोळवलं. इलाहीभाई येईपर्यंत थांबायला हवं होतं. पण तिनं ते सांगितल्यावर मला झाकण तसंच ठेवणं जमलं नाही. मी म्हटलं, आक्का, आहे तो, पण भलतीकडंच आहे, घाबरू नका. ती म्हणाली, पोराला बगून कोण भितंय.

मी कॉम्प्युटर चालू केला, तिची खुर्ची जवळ ओढली आणि त्यातल्या त्यात साधी म्हणून दहावीची फाईल उघडली.

ती पुढं वाकली. बराच वेळ नुसती बघत राहिली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग बोट उचलून पडद्याला लावलं, थेट गालावर.

"हे काय लिवलंय हितं?"

"वाचता येत नाही आक्का. अक्षरं बिघडलीत."

"मला तरी कुठं वाचता येतंय. तू सांग."

"ही दहावी पास झाल्याची जाहिरात आहे."

"दहावीला हा बसलाच न्हवता," ती म्हणाली. फॉर्मचे पैसे घेऊन जयसिंगपूरला सिनेमा बघून आला होता. आणि ती एकदम हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. "मग कवा झाला गं पास?"

ती उत्तरासाठी थांबलीही नाही. म्हणाली, "फुडं?"

पुढची लग्नाची होती. नवदांपत्यास शुभाशीर्वाद, खाली कलश, वर दोन चौकटी शेजारीशेजारी. पहिल्या चौकटीत सर्जा. दुसऱ्या चौकटीत एक मुलगी. जाहिरात ज्या लग्नाची होती, त्यातली नवरी मला ओळखीची होती, आमच्या गल्लीतलीच. ही ती नव्हती. कपाळ मोठं, केस चापून बसवलेले, फोटो काढणाऱ्यानं हस म्हटल्यावर ऐन वेळी गांगरलेली.

"पोरगी कुठली?" गौराक्कानं विचारलं.

"नाही माहीत."

"नाक जरा बसकं हाय." तिनं मान तिरकी करून निरखलं. "पर डोळं चांगलं हायत. गरीब दिसती. माज्या हाताखाली टिकली असती."

मी पुढची उघडली. आता मी उघडत होते की ती उघडायला लावत होती, ते सांगता येत नाही. बारशाचं आमंत्रण निघालं, पाळण्याचं चित्र, खाली आईबापांच्या दोन चौकटी. तोच आणि तीच. काय ठेवलं नाव, तिनं विचारलं. मी अक्षरांच्या चोथ्याकडं बघितलं. ती म्हणाली ऱ्हाऊ दे, पोरगी असंल, आमच्यात पयली पोरगीच हुती. मग उपाध्यांच्या दुकानाचं उद्घाटन. भांड्यांचं दुकान आहे असं मी सांगितल्यावर तिला ते विशेष पटलं नाही. पेंडीचं घालायचं, म्हणाली, त्याला जनावरांतलं कळायचं. पण अंगानं सुधारलाय, हे तिनं मान्य केलं.

मग ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचं पत्रक. हे काळ्यापांढऱ्यात होतं, छपाई स्वस्तात व्हावी म्हणून. त्यात सर्जाचे केस पिकले होते. डोळ्यांखाली सावल्या होत्या.

"दमलाय," ती हळू म्हणाली. "निवडून आला काय?"

त्या उमेदवाराचं डिपॉझिट जप्त झालं होतं.

"आला," मी म्हणाले.

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आला, तिथं चौकटी आडव्या होत्या. दोघंही सुटली होती, एकमेकांसारखी दिसायला लागली होती, जशी जुनी जोडपी दिसतात. मग एकसष्टी. मोठी आडवी चौकट, भोवती पानाफुलांची वेल, पिवळट रंग. गळ्याखाली लोंबतं कातडं, रुंद झालेलं कपाळ. मान मात्र जराशी डावीकडं. गौराक्का त्याच्यापाशी फार वेळ थांबली. आत्तापर्यंत ती पोराकडं बघत होती, आता आपल्याहून मोठ्या माणसाकडं बघावं तशी बघत होती. तिनं पदर पुन्हा डोक्यावर सारखा केला.

बाहेर कुठलीतरी एसटी मागं घेत होती, कंडक्टर शिट्टी मारत होता. यादीतली पुढची फाईल मला न उघडताच माहीत होती. माझा हात थांबला.

"फुडं?"

"झालं आक्का. पुढं काही नाही."

"हाय," ती म्हणाली. "तुजं बोट सांगतंय."

"नको."

"शालन, एवढं दावलंस. आता मधीच थांबू नगंस."

मी फाईल उघडली. दोन बाजूंना दोन निरांजनं. वरून येणारा झेंडूचा हार, चौकटीच्या दोन्ही अंगांनी खाली उतरलेला. त्या काळी तो हार काढायला मला आख्खी दुपार लागली होती, आणि गिऱ्हाइकांना इतका आवडला होता की गावातल्या कितीतरी माणसांना मी तोच घातला. हारात सर्जा होता. उभ्या चौकटीत ओढून काढल्यासारखा उतरलेला, शांत.

मी तिच्याकडं बघू शकले नाही. तिच्या बांगड्यांचा आवाज ऐकत राहिले. तिनं हात जोडले नाहीत, रडलीही नाही. मनात काहीतरी लावून बघत असल्यासारखी बसली होती, घरातलं सगळं जागच्या जागी आहे का ते निजण्याआधी बघतात तसं.

"शिकला," ती म्हणाली. "लगीन झालं. पोरबाळ झालं. दुकान टाकलं, पंचात बसला. म्हातारा झाला." थोडं थांबली. "सगळं झालं की गं त्याचं."

मी मान हलवली.

"मग घालू देत दिवस. महिपतीला सांग. आता माजं काही न्हाई."

ती उठली. दारापाशी गेल्यावर वळून म्हणाली, पत्रिकेवर पोरपणाचा नको, तो वेलबुट्टीतला घाल, म्हातारपणचा. आणि पायरी उतरून सायकल धरली. मी बघत होते. पंक्चरवाल्यानं सवयीनं पंप उचलला. ती त्याच्यासमोरून सायकल ढकलत निघून गेली, थांबली नाही.

संध्याकाळी इलाहीभाई आले. मी त्यांना एकामागं एक फायली दाखवल्या. ते आधी घाबरले, मग त्यांनी कायकाय उघडून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"वैनी, तुमी त्या टायमाला फोटोला नाव काय द्यायचा?"

"फोटो."

"ते झालं. नाव काय?"

"नावच ते. फोटो. दोन असले तर दुसऱ्याचं, फोटो दोन."

"सगळ्यांना?"

सगळ्यांना. एक काम झालं की पुढच्या गिऱ्हाइकाचा फोटो मी त्याच नावानं त्याच्यावर ठेवायची. फाईल एकदा झाली की ती स्वतःच्या पोटात चेहरा ठेवते, असा माझा समज. आणि जुना कॉम्प्युटर ती एक पुसटशी नक्कल खरंच ठेवायचा. नवा ठेवत नाही, इलाहीभाईंनी समजावलं. नवा जुन्या फाईलची नक्कल टाकून देतो आणि मूळ फोटोच शोधत जातो. फाईल म्हणते, मला 'फोटो' आण. तो जातो, त्याला 'फोटो' नावाचं जे सापडेल ते आणून बसवतो. चौकट उभी असेल तर उभं ताणतो, आडवी असेल तर आडवं. सर्जाच्या जाहिरातीनंतरच इलाहीभाईंनी मला प्रत्येकाचं वेगळं फोल्डर करायला शिकवलं होतं. त्यामुळं त्या नावावर शेवटचा राहिला तो सर्जा.

"आणि ही मुलगी?"

"ती तुमची शेवटची 'फोटो दोन'. कोन हाय ती?"

कोण होती ती, मला आठवलं नाही. अजून आठवत नाही. त्या सुमाराच्या सगळ्या पत्रिका मी काढून बघितल्या, चारदोन जणींना विचारलंही. तिला कुणी ओळखत नाही.

"आणि त्याच्या स्वतःच्या फायलीत तो का नाही?"

इलाहीभाई थोडा वेळ डोकं खाजवत बसले. म्हणाले, तो फ्लॉपीवरनं टाकला असेल, नव्याला फ्लॉपीची खाचच नाही. असेल, मी म्हणाले. मी फ्लॉपी कधी वापरल्याचं मला आठवत नव्हतं, पण त्यांना परत जायचं होतं, एसटीची वेळ झाली होती.

पत्रिका छापली. वेलबुट्टीतला फोटो बघून महिपतरावांनी प्रूफ खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. मग म्हणाले, आबांसारखा दिसतोय, आबांसारखा. आबा म्हणजे त्यांचे वडील. आईला कसं मनवलं, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. नदीकाठी पळसाचा पुतळा जाळला तेव्हा गौराक्का शेवटपर्यंत उभी होती, असं नंतर ऐकलं.

त्या दिवाळीनंतर ती पुन्हा आली. सायकल होती, पण या वेळी सायकलीवर बसून महिपतरावांची लेक आली होती आणि आजी मागून चालत. लेकीचं जमलं होतं, पत्रिका करायची होती. नात नमुने बघत असताना गौराक्का माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, ते लग्नातलं एकदा दाव.

मी उघडलं. पहिल्या चौकटीत फुली. दुसरीत ती मुलगी, बसक्या नाकाची, गांगरलेली.

बारसं उघडलं. फुली, आणि ती. पंचविसावा वाढदिवस. फुली, आणि तिच्या शेजारी सुटलेली, पोक्त झालेली ती. एकटी.

मग आठवलं. पत्रिका करताना मी सर्जाचा फोटो त्या जागेवरून उचलून त्याच्या नावाच्या नव्या फोल्डरमध्ये नेला होता. नक्कल ठेवली नव्हती. मीच हलवला होता. मी ते आक्काला सांगितलं, तिला कळेल तसं.

ती पडद्याकडं बघत होती. "एकलीच बसलीया गं."

"परत ठेवता येतो आक्का. ठेवू?"

"आता कसं? दिवस घातलं की."

नात काहीतरी विचारत होती, लाल पत्रिका की केशरी. गौराक्कानं तिला हातानंच थांबवलं. मग माझ्या दंडाला बोट लावून हळू म्हणाली, "ठेव. ठेव तू. तिला कुठं कुणी सांगितलंय."

मी ठेवला.

गौराक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यानंतर माझे दोन कॉम्प्युटर बदलले, सॉफ्टवेअर तर किती वेळा. दर वेळी इलाहीभाई म्हणतात, वैनी, हा जुना कचरा कशाला न्यायचा, यातलं काही उघडत नाही, उघडलं तर वाचता येत नाही. मी म्हणते, राहू दे. ते 'फोटो' आणि 'फोटो दोन'चं फोल्डर त्याच नावानं, त्याच जागी, आधी मी ठेवते, मग बाकीचं. आणि सगळं बसवून ते गेले, की दार ओढून घेऊन पहिली ती लग्नाची फाईल उघडते.

परवाच नवा आणला. याचा पडदा चांगला रुंद आहे. इलाहीभाई म्हणाले, सेटिंग बदलून देतो, सगळी तोंडं पसरट दिसतायत. मी म्हटलं, असू द्या.

दोघंही होती. थोडी आणखी सुटली आहेत.